स्पॅनिश क्रियापदे (मराठी भाषकांसाठी प्राथमिक परिचय)

स्पॅनिश भाषेतील क्रियापदे पुरुष, वचन, काळ आणि अर्थ यांनुसार रूप बदलतात. हा बदल मुख्यत्वे धातूला लागणाऱ्या प्रत्ययांनी दाखविला जातो. स्पॅनिश ही लॅटिनपासून निर्माण झालेली रोमान्स गटातील भाषा असून स्पेन व लॅटिन अमेरिका मिळून सुमारे २० देशांची ती राजभाषा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांतही तिचा समावेश होतो. तिचे पहिले छापील व्याकरण आन्तोनियो दे नेब्रिहा यांनी १४९२ साली प्रसिद्ध केले.

महाराष्ट्रात स्पॅनिश बहुधा इंग्रजीच्या माध्यमातून शिकविली जाते. त्यामुळे मराठी विद्यार्थी स्पॅनिश वाक्याची तुलना इंग्रजी वाक्याशी करतो आणि ज्या गोष्टी त्याच्या मातृभाषेत आधीपासून आहेत त्याही त्याला नव्या व कठीण वाटतात. शालेय मराठी व्याकरणातील काळ, अर्थ, आख्यात आणि प्रयोग या संकल्पना हाताशी असल्या, तर स्पॅनिश क्रियापदाचा बराचसा भाग ओळखीचा ठरतो. दोन्ही भाषा जेथे खरोखर वेगळ्या आहेत ती स्थळेही त्यामुळे नेमकी कळतात. प्रस्तुत लेखात ही तुलना दिली आहे.

लेखन व उच्चार

या लेखात स्पॅनिश शब्द देवनागरीत, लॅटिन अमेरिकेतील प्रचलित उच्चाराला धरून दिले आहेत. स्पॅनिशमधील त व द हे मराठीप्रमाणेच दन्त्य आहेत. प, त, क यांच्या उच्चारात महाप्राण मिसळत नाही, म्हणून मराठी भाषकाला ते सहज साधतात. रोमन लिपीतील 'बी' व 'व्ही' या दोन अक्षरांचा उच्चार स्पॅनिशमध्ये एकच, म्हणजे 'ब'च्या जवळचा होतो. 'एच' हे अक्षर लिहिले जाते, पण उच्चारले जात नाही. 'जे' या अक्षराचा उच्चार 'ह' किंवा घशातून काढलेल्या 'ख'सारखा होतो.

आघाताकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागते. मराठीत आघात बदलल्याने सहसा अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये तो बदलतो. 'पागो' या रूपात पहिल्या अक्षरावर आघात दिल्यास 'मी पैसे देतो' असा अर्थ होतो आणि शेवटच्या अक्षरावर दिल्यास 'त्याने पैसे दिले' असा होतो. लेखनात दुसऱ्या रूपातील शेवटच्या स्वरावर तिरपी खूण असते. ती खूण शोभेची नसून पुरुष आणि काळ दोन्ही तीच ठरविते.

मराठीतील पूर्वपरिचित शब्द : पगार

१५३४ च्या तहाने वसई व मुंबईची बेटे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, तर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. पोर्तुगीजांच्या या संपर्कातून चावी, साबण, पाव, बटाटा, मेज, फीत असे अनेक शब्द मराठीत रुळले. 'पगार' हा शब्दही पोर्तुगीजच आहे. लोअर परळ, लालबाग, परळ, भायखळा, वरळी या भागांत एकोणिसाव्या शतकापासून कापडगिरण्यांची वस्ती वाढली. तिला गिरणगाव असे नाव पडले आणि तेथील कामगारांच्या घरचा सारा हिशेब ज्या दिवसावर चाले, तो पगाराचा दिवस याच शब्दाने ओळखला गेला.

मराठीत 'पगार' हे नाम आहे. मूळ पोर्तुगीजमध्ये मात्र ते 'पैसे देणे, चुकते करणे' या अर्थाचे क्रियापद असून स्पॅनिशमध्येही ते त्याच रूपात व त्याच अर्थाने आढळते. उच्चार 'पागार' असा होतो आणि आघात दुसऱ्या अक्षरावर येतो. क्रियापदाचे मूळ रूप नामासारखे वापरण्याची रीत मराठीलाही परकी नाही. 'देणे' हे क्रियापद आहे. 'त्याचे माझ्याकडे देणे आहे' या वाक्यात तेच नाम होते. स्पॅनिशमध्ये 'देबेर' म्हणजे देणे लागणे किंवा बांधील असणे, आणि 'एल देबेर' म्हणजे कर्तव्य.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वेतन या अर्थी स्पॅनिशमध्ये 'पागार' वापरत नाहीत. त्यासाठी 'सालारियो' किंवा 'स्वेल्दो' हे शब्द आहेत. दुसरे असे की, प्रत्येक ध्वनिसाम्य हे नाते नसते. मराठी 'जुगार' आणि रोमन लिपीत तसाच दिसणारा स्पॅनिश शब्द 'हुगार' (खेळणे) यांचा संबंध नाही. मराठी शब्द संस्कृत 'द्यूत' शब्दाच्या कुळातील आहे.

मूळ रूप आणि तीन गण

मराठी कोशात क्रियापद 'णे' प्रत्ययासह येते : करणे, खाणे, राहणे. स्पॅनिश कोशात ते आर्, एर्, इर् यांपैकी एका प्रत्ययासह येते. त्यावरून क्रियापदांचे तीन गण पडतात. पागार (पैसे देणे), कोमेर (खाणे) आणि बिबिर (जगणे, राहणे) ही त्यांची नमुन्याची उदाहरणे होत. मूळ प्रत्यय काढला की धातू उरतो (पाग्, कोम्, बिब्) आणि त्याला पुरुष-वचनाचे प्रत्यय लागतात.

वर्तमानकाळ

| पुरुष | पागार | कोमेर | बिबिर |
|---|---|---|---|
| मी | पागो | कोमो | बिबो |
| तू | पागास | कोमेस | बिबेस |
| तो, ती, ते; आपण (आदरार्थी) | पागा | कोमे | बिबे |
| आम्ही, आपण सर्व | पागामोस | कोमेमोस | बिबिमोस |
| तुम्ही (अनेक, स्पेनमध्ये) | पागाइस | कोमेइस | बिबीस |
| ते, त्या, ती; आपण (अनेक) | पागान | कोमेन | बिबेन |

शाळेत संस्कृत शिकलेल्या विद्यार्थ्याला या प्रत्ययांत ओळखीच्या खुणा दिसतील. 'पागामोस' मधील 'मोस' आणि 'पठामः' मधील 'मः', 'पागास' मधील 'स' आणि 'पठसि' मधील 'सि', 'पागान' मधील 'न' आणि 'पठन्ति' मधील 'न्ति' हे प्रत्यय एकाच भारोपीय मूळातून आले आहेत. एकवचनी तृतीय पुरुषातील 'त' लॅटिनमध्ये होता. स्पॅनिशमध्ये तो गळाला.

प्रत्ययावरूनच कर्ता कळत असल्याने सर्वनाम सहसा गाळले जाते. मराठीतही 'येतो हं', 'उद्या भेटू' अशा वाक्यांत कर्ता बोलून दाखवावा लागत नाही. स्पॅनिशमध्ये 'यो' (मी) हा शब्द बहुधा जोर देण्यासाठी किंवा इतरांपासून वेगळेपण दाखविण्यासाठी येतो. प्रत्येक वाक्य 'यो' ने सुरू करण्याची सवय इंग्रजीतून येते.

लिंग, वचन व संबोधन

मराठीत 'बोलतो' आणि 'बोलते' असा लिंगभेद क्रियापदात दिसतो. स्पॅनिश क्रियापदाच्या काळदर्शक रूपात असा भेद नाही. 'आब्ला' म्हणजे बोलतो किंवा बोलते. लिंग पाहावे लागते ते नाम व विशेषण यांच्या बाबतीत. स्पॅनिशमध्ये पुल्लिंग व स्त्रीलिंग अशी दोनच नामलिंगे आहेत.

मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि सामावून घेणारे 'आपण' असा सूक्ष्म भेद आहे. स्पॅनिशमध्ये दोन्हींसाठी 'नोसोत्रोस' हा एकच शब्द आहे. गटात केवळ स्त्रिया असल्यास 'नोसोत्रास' म्हणतात.

संबोधनात 'तू' आणि 'उस्तेद' असे दोन स्तर आहेत. योगायोगाने पहिला शब्द अर्थाने व उच्चाराने मराठी 'तू'शी जुळतो. दोन्हींचे भारोपीय मूळही एकच आहे. 'उस्तेद' हे आदरार्थी सर्वनाम 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनापासून झाले, म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते. अनेकांना उद्देशून बोलताना लॅटिन अमेरिकेत जवळीक असो वा आदर, 'उस्तेदेस' हेच रूप वापरतात. अर्जेंटिनासारख्या काही देशांत 'तू'च्या जागी 'बोस' येते व त्याची क्रियापदरूपेही थोडी वेगळी असतात.

'आहे' साठी दोन क्रियापदे

मराठीतील 'असणे' या एका क्रियापदाचे काम स्पॅनिशमध्ये सेर आणि एस्तार ही दोन क्रियापदे वाटून घेतात.

सेर : सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन
एस्तार : एस्तोय, एस्तास, एस्ता, एस्तामोस, एस्ताइस, एस्तान

कायमची गोष्ट असल्यास सेर आणि तात्पुरती असल्यास एस्तार, असा नियम अनेकदा सांगितला जातो. तो पुरेसा नाही. मृत व्यक्तीविषयी बोलताना एस्तार वापरतात, आणि शहर आपली जागा सोडत नसले तरी ते कोठे आहे हे सांगतानाही एस्तारच येते. तारुण्य टिकत नाही. तरीही 'ती तरुण आहे' या वाक्यात सामान्यतः सेर असते.

शब्दाचे मूळ पाहिल्यास भेद अधिक स्पष्ट होतो. एस्तार हे लॅटिन 'स्तारे' (उभे असणे) या क्रियापदापासून आले असून ते संस्कृत 'स्था' धातूचे सगोत्र आहे. 'स्थान' आणि 'स्थिती' हे दोन मराठी शब्द त्याच 'स्था' धातूचे आहेत आणि एस्तारचे कार्यक्षेत्रही तेच आहे. एखादी वस्तू कोठे आहे (स्थान) किंवा कोणत्या अवस्थेत आहे (स्थिती) हे सांगायचे असल्यास एस्तार वापरावे. ती कोण आहे, काय आहे, कोठली आहे, कशाची आहे हे सांगायचे असल्यास सेर वापरावे. सेरची 'एस' आणि 'सोन' ही रूपे संस्कृत 'अस्ति' आणि 'सन्ति' यांची सगोत्र होत.

'सोय दे मुंबई' म्हणजे 'मी मुंबईचा (किंवा मुंबईची) आहे'. 'एस्तोय एन लोअर परळ' म्हणजे 'मी लोअर परळमध्ये आहे'. पहिल्या वाक्यात ओळख सांगितली आहे, दुसऱ्यात स्थान. एक अपवाद लक्षात ठेवावा : सभा, समारंभ इत्यादी घटना कोठे होणार हे सांगताना सेर वापरतात.

'मला आवडते' ही रचना

'मला कॉफी आवडते' या वाक्यात आवड असणारी व्यक्ती 'ला' प्रत्यय घेते आणि क्रियापद कॉफीप्रमाणे चालते. स्पॅनिशमधील 'मे गुस्ता एल काफे' या वाक्याची घडण अगदी अशीच आहे. 'मे' म्हणजे 'मला'. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की क्रियापदही अनेकवचनी होते : 'मला आंबे आवडतात', 'मे गुस्तान लोस मांगोस'. इंग्रजीत 'मी' हा कर्ता घेऊन वाक्य रचले जाते, म्हणून इंग्रजीच्या वाटेने गेलेला विद्यार्थी येथे अडखळतो. मराठीच्या वाटेने आलेल्याला नवा नियम शिकावाच लागत नाही. दुखणे दाखविणारे 'दोलेर' हे क्रियापदही असेच चालते.

असेच आणखी एक साम्य कर्माच्या बाबतीत आहे. मराठीत 'मी घर पाहतो' पण 'मी भावाला पाहतो' असे म्हणतात. कर्म मनुष्यवाचक असेल तेव्हा 'ला' लागतो. स्पॅनिशमध्ये अशा वेळी कर्मापूर्वी 'आ' हे शब्दयोगी अव्यय येते : 'बेओ ला कासा' (मी घर पाहतो), 'बेओ आ मि एर्मानो' (मी माझ्या भावाला पाहतो).

याउलट 'तेनेर' (जवळ असणे) या क्रियापदाला मराठीत थेट प्रतिशब्द नाही. मराठीत 'माझ्याकडे पुस्तक आहे', 'मला भूक लागली आहे', 'मला वीस वर्षे पूर्ण झाली' अशा वेगवेगळ्या रचना येतात. स्पॅनिशमध्ये या तिन्ही ठिकाणी 'तेंगो' हे एकच रूप पुरते.

दोन भूतकाळ

प्राथमिक विद्यार्थ्याला सर्वांत कठीण वाटणारा भाग म्हणजे सामान्य भूतकाळ व अपूर्ण भूतकाळ यांतील निवड. मराठी व्याकरणात हा भेद स्पष्ट आहे. लाख्यातातील 'गेला', 'केले' ही रूपे घडून संपलेली घटना सांगतात. ई-आख्यातातील 'जाई', 'करी' किंवा आजच्या भाषेतील 'जात असे', 'करीत असे' ही रूपे भूतकाळातील रीत सांगतात. स्पॅनिश सामान्य भूतकाळ पहिल्या प्रकारात बसतो. अपूर्ण भूतकाळ दुसऱ्या प्रकारात बसतो आणि 'जात होता' या रूपाचे कामही तोच करतो.

पुढील दोन वाक्ये एकत्र पाहावीत.

'मि आब्वेलो त्राबाहाबा एन उना फाब्रिका' : माझे आजोबा एका कारखान्यात काम करीत असत.
'एन १९८२ एम्पेसो ला वेल्गा' : १९८२ मध्ये संप सुरू झाला.

पहिल्या वाक्यातील 'त्राबाहाबा' अपूर्ण भूतकाळाचे, तर दुसऱ्यातील 'एम्पेसो' (आघात शेवटी) सामान्य भूतकाळाचे रूप आहे. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्या दिवसापूर्वीच्या वर्षानुवर्षांच्या पाळ्या अपूर्ण भूतकाळात सांगाव्या लागतील आणि तो दिवस सामान्य भूतकाळात. 'आजोबा काम करीत असत' याऐवजी 'आजोबांनी काम केले' असे म्हटल्यास आयुष्यभराचा नित्यक्रम एका संपलेल्या गोष्टीत आटोपतो. स्पॅनिशमध्येही काळाची निवड चुकल्यास अर्थाचा तसाच फरक पडतो.

'पागार' ची रूपे अशी होतात.

सामान्य भूतकाळ : पागे, पागास्ते, पागो, पागामोस, पागास्तेइस, पागारोन (पहिल्या व तिसऱ्या रूपात आघात शेवटी)
अपूर्ण भूतकाळ : पागाबा, पागाबास, पागाबा, पागाबामोस, पागाबाइस, पागाबान

एर् व इर् गणांचा अपूर्ण भूतकाळ 'कोमिया', 'बिबिया' असा होतो. या काळात सेर (एरा), इर (इबा) आणि बेर (बेइया) ही तीनच क्रियापदे अनियमित आहेत.

येथे मराठीतून येणारी एक चूक टाळावी लागते. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलते : त्याने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली, त्यांनी आंबे खाल्ले. स्पॅनिशमध्ये हा कर्मणी प्रयोग नाही. तेथे सर्व काळांत क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते. कर्त्याला 'ने' सारखा प्रत्ययही लागत नाही.

भविष्यकाळ व संकेतार्थ

भविष्यकाळात धातू वेगळा काढावा लागत नाही. प्रत्यय पूर्ण मूळ रूपालाच जोडले जातात : पागारे, पागारास, पागारा, पागारेमोस, पागारेइस, पागारान. पागारेमोस वगळता इतर सर्व रूपांत आघात शेवटच्या अक्षरावर येतो. तिन्ही गणांचे प्रत्यय सारखेच आहेत. संकेतार्थाचे रूप 'पागारिया' (पैसे दिले असते, देईन) याच पद्धतीने होते. नित्याच्या बोलण्यात 'बोय आ पागार' ही रचना अधिक वापरली जाते. तिचा अर्थ 'मी पैसे देणार आहे' असा होतो.

आज्ञार्थ व विध्यर्थ

मराठी व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे क्रियापदाचे अर्थ मानले जातात. स्पॅनिशमध्ये इच्छा, शंका, विनंती इत्यादी दाखविणारी स्वतंत्र रूपमाला आहे. मराठी विध्यर्थ तिला सर्वांत जवळचा आहे. 'क्येरो के पागेस' म्हणजे 'तू पैसे द्यावेस अशी माझी इच्छा आहे'. 'पैसे देतोस' आणि 'पैसे द्यावेस' यांतील फरक ज्याला कळतो, त्याला 'पागास' आणि 'पागेस' यांतील फरक कळण्यास अडचण नाही. 'पाऊस पडो' यासारख्या वाक्यासाठी 'ओहाला य्वेबा' असे म्हणतात. 'ओहाला' हा शब्द अरबीतून आला असून त्यात 'अल्लाची इच्छा असल्यास' हा मूळ अर्थ आहे. आयबेरियन द्वीपकल्पावरील दीर्घकालीन अरबी प्रभावाची ती खूण होय.

अनियमित क्रियापदे

ज्या क्रियापदांचा वापर सर्वाधिक, तीच बहुधा अनियमित, हे दोन्ही भाषांत खरे आहे. मराठीत जाणे–गेला, येणे–आला, करणे–केला ही रूपे मूल नियम न शिकता बोलते. 'जाणे' हे संस्कृत 'या' धातूपासून, तर 'गेला' हे 'गम्' धातूपासून आले आहे. स्पॅनिशमधील इर (जाणे) या क्रियापदातही असेच निरनिराळ्या लॅटिन क्रियापदांचे तुकडे एकत्र आले आहेत : इर, बोय (मी जातो), फ्वी (मी गेलो). 'फ्वी' हे सेरचेही सामान्य भूतकाळी रूप आहे. अर्थ संदर्भावरून ठरतो.

अनियमिततेचा दुसरा प्रकार बराचसा नियमबद्ध आहे. काही धातूंतील स्वर आघाताखाली आला की बदलतो : पोदेर (शकणे) पासून प्वेदो, तेनेर पासून त्येनेस. 'आम्ही'च्या रूपात आघात प्रत्ययावर सरकत असल्याने मूळ स्वर परत येतो : पोदेमोस, तेनेमोस.

वाक्यरचनेतील मुख्य भेद

मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. स्पॅनिशमध्ये ते बहुधा कर्त्यानंतर व कर्माआधी येते. मराठीत नकार क्रियापदानंतर येतो (देत नाही). स्पॅनिशमध्ये 'नो' क्रियापदापूर्वी येतो (नो पागो). विशेषण मराठीत नामाआधी असते, स्पॅनिशमध्ये ते बहुधा नामानंतर येते. प्रश्नासाठी 'का' सारखा शब्द लागत नाही. बोलताना स्वर चढविला जातो आणि लेखनात वाक्याच्या आरंभी उलटे व शेवटी सुलटे प्रश्नचिन्ह देतात.

प्राथमिक अभ्यासाचा क्रम

स्पॅनिश येत असल्याचे अधिकृत प्रमाणपत्र इन्स्तितूतो सेर्बान्तेस या स्पेनच्या संस्थेकडून दिले जाते. ही संस्था १९९१ मध्ये स्थापन झाली असून तिचे एक केंद्र नवी दिल्ली येथे आहे. तिच्या परीक्षांच्या ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर मुख्य भर वर्तमानकाळावर असतो.

स्वयंअध्ययन करणाऱ्याने प्रथम तीन गणांचा वर्तमानकाळ, त्यानंतर सेर, एस्तार, तेनेर व इर यांची रूपे, मग 'मे गुस्ता'ची रचना आणि शेवटी दोन भूतकाळ असा क्रम ठेवणे सोयीचे ठरते. रूपे सुटी पाठ करण्याऐवजी प्रत्येक रूपाचे एक मराठी व एक स्पॅनिश वाक्य शेजारी लिहून, मराठी वाक्यातील काळ व प्रयोग ओळखावा. अशा अभ्यासाने स्पॅनिश येऊ लागते आणि आपल्या भाषेचे विसरलेले व्याकरणही पुन्हा कामास येते.